तिन्ही रीडिंग सारखी कशी येतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी बारावीतली एक मुलगी परवा जर्नल घेऊन वर आली. "काकू, तुम्ही लॅबमध्ये होतात ना? मग सांगा, माझं काय चुकलं?" प्रयोग नेहमीचाच, पोटॅशियम परमँगनेट आणि मोहर सॉल्टचं टायट्रेशन. तिची तीन रीडिंग होती १०.३, १०.४ आणि १०.३. तिन्हींभोवती लाल पेनाचा गोल, आणि शेजारी शेरा: "सीबीआर १०.०. पुन्हा लिहा."

"पुन्हा करा" असा शेरा असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २९ वर्षं रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहायक होते. सायन्स सोडून ज्यांना बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी सांगते. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली, मिलिलिटरच्या खुणा केलेली लांब काचेची नळी. पिपेटने, म्हणजे एकच ठरावीक माप देणाऱ्या काचेच्या नळीने, बरोबर १० मिली मोहर सॉल्टचं (हा लोहाचा एक क्षार) द्रावण कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. सुरुवातीला रंग पडताक्षणी नाहीसा होतो. एका थेंबाला तो फिकट गुलाबी होऊन टिकतो. तिथे थांबायचं आणि ब्युरेट वाचायची. आधी एक अंदाजाचं पायलट रीडिंग, "१० ते ११", मग तीन नीट रीडिंग. तीन वेळा तेच आलं की त्याला म्हणायचं सीबीआर, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. मोहर सॉल्ट ०.१ मोलर आणि परमँगनेट ०.०२ मोलर असेल तर गणिताने उत्तर येतं बरोबर १०.

हे १० प्रयोगाआधीच सगळ्यांना माहीत असतं, दुखणं तिथेच आहे. मुलांना वरच्या वर्गातल्या ताई-दादांच्या जर्नलवरून माहीत असतं, सरांना गणितावरून, आणि मला माहीत असायचं कारण द्रावणं मीच करायचे. परीक्षेच्या दिवशी सकाळी बाहेरचे परीक्षक आले की चहाबरोबर एक चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली जायची. तिच्यावर त्या दिवसाचा सीबीआर. तो मी सकाळी साडेसहाला एकटीने लॅब उघडून काढलेला असायचा. चिठ्ठीपासून दोन दशांश इकडेतिकडे गेलं की मार्क कापायला सुरुवात. साडेअकरापर्यंत ती चिठ्ठी कशी कोण जाणे सगळ्या टेबलांवर पोचलेली असायची. "कशी कोण जाणे" हे मी सवयीने लिहिलं. पोचवणाऱ्यांत मीही होते. रडवेलं तोंड घेऊन पोरगी उभी राहिली की पाण्याची बाटली ठेवता ठेवता मी पुटपुटायचे, "नऊ पॉइंट आठ." तेव्हा ते पुण्याचं काम वाटायचं.

आता जरा त्या १० मिलीच्या आत काय काय असतं ते बघू. कॉलेजातल्या ब्युरेटवर सर्वांत लहान खूण ०.१ मिलीची. दोन खुणांच्या मधलं डोळ्याने अर्धं धरता येतं, म्हणजे एका वाचनाला ०.०५ चा इकडेतिकडेपणा. वाचायचं दोनदा, आधी आणि नंतर. दोन्ही वेळा चूक एकाच अंगाला होईलच असं नाही, म्हणून जाणकार या आकड्यांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढतात. ते येतं ०.०७. शेवटचा थेंब घ्यायचा की नाही हा प्रश्न राहतोच, आणि एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. बी क्लासच्या, म्हणजे दुसऱ्या दर्जाच्या अचूकतेच्या, १० मिली पिपेटला मुळातच ०.०४ मिलीची सूट दिलेली असते. या सगळ्यांची त्याच रीतीने मोळी बांधली की जवळजवळ ०.१ होतं. म्हणजे निर्मळ हाताने, धुतलेल्या काचेने, कुठेही घाई न करता काम केलं तरी उत्तर "१० च्या आसपास, एक दशांश इकडे किंवा तिकडे" एवढंच सांगता येतं. १०.१ आणि ९.९ ही दोन्ही उत्तरं तितकीच प्रामाणिक.

कोणी म्हणेल, तीन रीडिंग सारखी येणं एवढं अशक्य आहे का? मुळीच नाही. ब्युरेट दशांशापर्यंतच वाचायची असेल तर चांगल्या हाताला तिन्ही सारखी येतात, माझी कित्येकदा आली आहेत. पण २० मुलांच्या बॅचमध्ये ६० च्या ६० रीडिंग १०.०? सतरा वर्षांची पोरं, त्यातल्या निम्म्यांनी ब्युरेट वर्षात चौथ्यांदा हातात धरलेली. शून्याची खूण डोक्याच्या वर, मुलगी बुटकी, स्टूल एकच आणि ते मोडकं. खालून बघून लावलेलं शून्य खरं शून्य नसतं. परमँगनेट इतकं गडद की पृष्ठभागाचा खालचा बाक दिसतच नाही, वरची कड वाचावी लागते. एकाने खालचा बाक वाचला, दुसऱ्याने कड, तर दोघांत फरक पडणारच.

शिवाय खास हातखंडा चुका आहेतच. ब्युरेट पाण्याने विसळली पण परमँगनेटने नाही विसळली, तर आत राहिलेल्या पाण्याने ते पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. कॉनिकल फ्लास्कचं नेमकं उलटं. तो नुसत्या पाण्याने धुवायचा असतो, पण हुशार पोरं तो मोहर सॉल्टनेच विसळतात आणि तिथेही रीडिंग वाढतं. पिपेटच्या टोकात राहिलेला थेंब फुंकून काढतात. तो काढायचा नसतो, टोक काचेला टेकवून जेवढं येईल तेवढंच घ्यायचं, त्या उरलेल्या थेंबाचा हिशेब पिपेट करणाऱ्याने आधीच धरलेला असतो. तोटीच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला आणि प्रयोग चालू असताना निघून गेला, तर ती जागा भरायला लागलेलं द्रावणही रीडिंगमध्ये धरलं जातं. वरची फनेल काढायची राहिली की तिच्यातून थेंब आत पडतो आणि रीडिंग कमी दिसतं. माझ्या बाजूच्याही चुका असायच्या, त्या मुलांना कधी कळायच्या नाहीत. शनिवारी केलेलं मोहर सॉल्ट सोमवारी वापरलं की हवेने त्यातलं थोडं लोह आधीच ऑक्सिडाइझ झालेलं असायचं, रीडिंग उतरायचं. परमँगनेटची बाटली उजेडात राहिली की तळाला तपकिरी गाळ बसायचा आणि ते हलकं व्हायचं, रीडिंग चढायचं.

यातली कुठली चूक माझ्याकडून झाली असेल, हा विचार करणं म्हणजेच प्रॅक्टिकल. मुलं जर्नलमध्ये "चुकांची कारणे" या मथळ्याखाली काय लिहितात माहीत आहे? "तापमानातील बदल." वर्षानुवर्षं, सगळी. आपल्याकडच्या बऱ्याच काचसामानावर २७ अंश सेल्सिअस छापलेलं असतं. फेब्रुवारीत दुपारी लॅबमध्ये ३२ झाले असं धरा. पाच अंशांनी १० मिली पाणी फुगणार साधारण ०.०१५ मिली. एका थेंबाचा तिसरा हिस्साही नाही! म्हणजे ज्याने काडीचा फरक पडत नाही ते कारण सगळ्यांना पाठ, आणि फनेलचं नाव कोणी घेत नाही. फनेल लिहिली तर "मग काढली का नाही?" असं विचारतील ना.

मराठीत आपण दोन्हींना "चूक" म्हणतो त्याचाही हा परिणाम असेल. फनेल विसरणं ही चूक. ब्युरेटवर ०.१ पेक्षा बारीक खूण नसणं ही कोणाचीच चूक नाही, ते मापाचं अंग आहे. पुस्तकात त्रुटी, अनिश्चितता असे शब्द आहेत, पण टेबलापाशी फक्त चूक असते आणि चूक म्हटलं की पोरं मान खाली घालतात. मंडईतला भाजीवाला हे आपल्यापेक्षा नीट जाणतो. काटा बरोबर मध्ये थांबत नाही हे त्याला माहीत असतं, म्हणून तो पारडं गिऱ्हाइकाकडे जरा झुकतं ठेवतो. त्याच्या वजनमापांवर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो आणि तो ठरावीक मुदतीने नवा करावा लागतो. आमच्या पिपेटींवर असा शिक्का मारायला २९ वर्षांत कोणी आलं नाही.

त्या पिपेटींचीच गोष्ट सांगायची आहे. आमच्याकडे टेबल नंबर चार नावाची एक बदनाम जागा होती. तिथल्या मुलांचं रीडिंग नेहमी १०.२, कधी १०.३. बाकी सगळीकडे १०.०. सर म्हणायचे, खिडकीजवळ बसतात, लक्ष बाहेर असतं. मीही तेच म्हणायचे. वर्षामागून वर्ष त्या टेबलावरच्या मुलांनी आपले आकडे खोडून १०.० केले आणि सही घेतली. एकीने मात्र हट्टाने चार वेळा टायट्रेशन केलं, चारही वेळा १०.२. "मॅडम, मी बरोबर करतेय हो," म्हणाली. मी म्हटलं, "असू दे गं, लिही दहा, बाई सही देतील." तिने लिहिलं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत स्टॉकचं काम करत होते. डोक्यात ते चार वेळचं १०.२ घोळत होतं. चार नंबरची पिपेट घेतली, छोटं बीकर काट्यावर ठेवलं आणि दहा वेळा पाणी घालून वजन केलं. आमच्याकडच्या काट्याचं लघुतम माप ०.०१ ग्रॅम, या कामाला तेवढं पुरतं. २७ अंशांना १० मिली पाणी हवेत तोलल्यावर ९.९५ किंवा ९.९६ ग्रॅम भरायला हवं. दहाही वेळा भरलं १०.१५ ते १०.१९ च्या मध्ये. म्हणजे ती पिपेट १० मिलीची नव्हतीच, जवळपास १०.२ मिलीची होती. ऐन परीक्षेच्या मोसमात बाकीच्या फुटल्या म्हणून स्वस्तातली घाईने आणलेली, क्लासचा काही छाप नाही. खिडकीचा काहीएक दोष नव्हता. ती मुलं आमची पिपेट तपासून देत होती आणि आम्ही त्यांना वर्षानुवर्षं तो अहवाल खोडायला लावत होतो.

ही चूक थेंबाच्या चुकीपेक्षा वेगळी, हे तेव्हा कळलं. थेंबाची चूक कधी इकडे कधी तिकडे जाते, चार वेळा केलं की सरासरीत विरते. पिपेटची चूक दरवेळी एकाच बाजूला ढकलते, शंभर वेळा केलं तरी तीच, आणि वर रीडिंग कशी सारखी येतात बघा म्हणून छाती फुगते. हे अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे बरं का, प्रिसिजन (रीडिंग एकमेकांजवळ येणं) आणि ॲक्युरसी (खऱ्या मापाजवळ येणं), ॲब्सोल्यूट एरर, रिलेटिव्ह एरर, सिग्निफिकंट फिगर, सगळं. त्यावर गणितं सोडवतात, मार्क मिळवतात. मग बारावीच्या प्रॅक्टिकलला तीच मुलं लॉगची वही उघडतात आणि १०.४ वरून परमँगनेटचं बळ काढतात ३.०३८ ग्रॅम प्रति लिटर. लॉगची वही चार अंकी, म्हणून उत्तर चार अंकी. ब्युरेटने जास्तीत जास्त तीन अंक दिले, तोही तिसरा डळमळता, आणि वहीने वर एक फुकट दिला. ३.०४, तीन शतांश इकडेतिकडे, असं लिहिलं तर मला वाटतं परीक्षक बुचकळ्यात पडतील.

लॉर्ड रॅले यांचं नाव मी माझ्या कॉलेजातल्या सरांकडून ऐकलं होतं. नायट्रोजनची घनता मोजताना हवेतून काढलेला नायट्रोजन त्यांच्या काचगोलात २.३१० ग्रॅम भरायचा आणि रासायनिक पदार्थांपासून केलेला २.२९९ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. आमच्या लॅबमध्ये असते तर एक खोडून दुसरा लिहायला लावला असता. त्यांनी मात्र फरक याहून लहान दिसत होता तेव्हाच, १८९२ मध्ये, 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाला पत्र लिहून वाचकांनाच विचारलं की याचं कारण कोणाला सुचतं का. १८९४ मध्ये त्यांना आणि विल्यम रॅमझींना त्या फरकात हवेतला एक अख्खा नवा वायू सापडला, आरगॉन. १९०४ ची नोबेल पारितोषिकं दोघांना मिळाली, एकाला भौतिकशास्त्राचं आणि एकाला रसायनशास्त्राचं. आमच्या चार नंबरच्या टेबलावर आरगॉन सापडला नसता हे मलाही कळतं. पिपेट तर सापडली असती.

आमचा एक जुना विद्यार्थी भोसरीला एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे. दिवाळीला फोन करतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्याने एका नमुन्याची तीन रीडिंग सारखी लिहून दिली, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. वरिष्ठांनी विचारलं, "यातलं कुठलं केलंस आणि कुठली दोन उतरवलीस?" त्याने खरं सांगितलं, नोकरी वाचली. तिथे आकड्यापुढे अधिक-उणे किती याचा हिशेब ठेवावा लागतो, ऑडिटला येणारा माणूस तोच आधी मागतो. तो मला म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे ज्याला दहापैकी दहा मिळायचे त्याला इथे मेमो मिळतो."

शिक्षकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण मी त्यांच्या शेजारीच उभी असायचे. एका बॅचला दोन तास, त्यात हजेरी, आम्लाच्या बाटल्या, कोणाचा तरी भाजलेला हात, फुटलेली ब्युरेट. दिवसभरात तीन-चार बॅच उरकायच्या आणि संध्याकाळपर्यंत मार्कांचा कागद तयार हवा अशा गडबडीत परीक्षकांनाही प्रत्येकाच्या रीडिंगची चौकशी करायला सवड नसते. चिठ्ठी सोयीची असते. प्रॅक्टिकलच्या ३० मार्कांवर पालकांचाही डोळा असतो, ते तर घरचेच मार्क असं सगळे म्हणतात.

तरी खर्च न वाढवता काही गोष्टी होऊ शकतात. मंडळाचं कार्यालय आपल्याच शहरात आहे, भांबुर्ड्याला, म्हणून हे तुमच्या वर्तमानपत्रातून लिहिते आहे. रीडिंग घेतल्याघेतल्या पेनाने लिहावं आणि देखरेख करणाऱ्याने तिथल्या तिथे त्यावर सही करावी, म्हणजे खाडाखोड बंद. मार्क आकड्याला कमी ठेवावेत आणि तो आकडा आला कसा, त्याला इकडेतिकडे किती धरायचं, हे दोन ओळींत लिहिण्याला जास्त. टेबलागणिक द्रावण थोडं वेगळं दिलं तर चिठ्ठी फिरवण्यात अर्थच उरणार नाही. माझ्यासारखीला चार बाटल्यांऐवजी आठ भराव्या लागतील, तेवढ्याने कोणी मरत नाही. आणि वर्षातून एकदा, जून संपेपर्यंत, प्रत्येक पिपेटचं पाणी मुलांकडूनच तोलून घ्यावं. एक तास जातो. पिपेटवर तिचं खरं माप चिकटवावं. ज्या मुलाने ते माप काढलं त्याचं नावही त्या चिठ्ठीवर असावं, ही माझी खास इच्छा.

खालच्या मजल्यावरच्या मुलीला मी काय सांगितलं, तेही लिहिते. आधी विचारलं, ब्युरेट परमँगनेटने विसळली होतीस? हो म्हणाली. फनेल काढली होतीस? हो. पिपेट फुंकलीस? गप्प. मग हळूच म्हणाली, "थोडीशी." म्हटलं, त्याने ०.३ येत नाही, फार तर दशांशभर येईल. बाकीचे दोन दशांश शोध. दुसऱ्या टेबलाची पिपेट घेऊन एकदा करून बघ, परमँगनेट किती दिवसांचं आहे ते तुमच्या लॅबवाल्या काकांना विचार. ती म्हणाली, "पण काकू, जर्नल उद्या द्यायचंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने १०.० लिहिलं असेल. मी विचारलं नाही.

माझं नाव छापू नये, ही विनंती. ज्या बाईंच्या सह्या त्या १०.० खाली आहेत त्या अजून नोकरीत आहेत, माणूस म्हणून फार चांगल्या आहेत, आणि त्यांना चिठ्ठ्या मीच देत होते.

चार नंबरची पिपेट मी सेवानिवृत्तीच्या दिवशी मागून घेतली. डेड स्टॉकमधून रीतसर कमी करून मिळाली, तशी नोंद आहे. घरी कपाटात, साड्यांच्या खाली आहे. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून मी १०.२ लिहिलंय. शेजारी त्या मुलीचं नाव लिहायचं होतं. हजेरीपटात शोधलं असतं तर सापडलं असतं, पण तेव्हा सुचलं नाही.

आपली,
एक सेवानिवृत्त प्रयोगशाळा सहायक,
धनकवडी, पुणे